धुरकट, करपट की खमंग?

वाचकांचे प्रश्न

पिंपात मुरवलेल्या धुरकट काळ्या बिअरबद्दल आलेल्या पत्रांना या अंकात एकत्रच उत्तरं देत आहोत. बहुतेकांचा घोटाळा एकाच जागी झालेला दिसतो : जीभ काहीतरी सांगते, पण ते धूर आहे, लाकूड आहे की नुसतं भाजलेपण, हे उमगत नाही. मध्य प्रदेशात मद्यपानासाठी वय २१ पूर्ण असावं लागतं. त्याखालच्या वाचकांनी हे पान उलटून सरळ शब्दकोड्याकडे जावं.

प्रश्न : मुलाने परदेशातून आणलेल्या बाटलीवर ‘स्मोक्ड’ आणि ‘बॅरल एज्ड’ असं दोन्ही छापलंय. पिंप आतून जाळलेलं असतं असं ऐकून आहे. म्हणजे धुराची चव पिंपातूनच येत असणार. मग दोन शब्द कशाला?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : कारण गोष्टी दोन आहेत. धूर येतो माल्टमधून. जव भिजवतात, त्याला मोड आणतात आणि मग तो वाळवतात. हे वाळवणं लाकडाच्या धुरावर केलं की धूर दाण्यात जाऊन बसतो. पुढे उकळा, आंबवा, वर्षभर मुरवा, तो हलत नाही. जर्मनीत बांबर्गला आजही बीच झाडाच्या लाकडावर माल्ट वाळवून बिअर करतात. तिथल्या श्लेंकेर्ला या बिअरवाल्यांची नेहमीची ‘मेर्त्सेन’ ५.१ टक्के अल्कोहोलची असते आणि नाताळात येणारी, ओकच्या धुरावरची ‘आइशे’ ८ टक्क्यांची. एके काळी युरोपात बरंचसं माल्ट थोडंफार धुरकटच असायचं, कारण लाकडाची आच आणि धूर दाण्याला एकत्रच लागत. कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेलं बिनधुराचं जळण, आला, धूर वेगळा काढून नुसती गरम हवा देणाऱ्या भट्ट्या आल्या, आणि धूर ही अडचण न राहता हौस झाली.

काळा रंग हे आणखी तिसरंच प्रकरण. तो माल्ट कडक भाजल्याने येतो. १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या नळकांड्यात माल्ट काळं होईपर्यंत भाजण्याचं पेटंट घेतलं. आजच्या स्टाउट आणि पोर्टर या गडद बिअरचा काळेपणा त्या वाटेने आला. रंगाचा धुराशी संबंध नाही हे पटवून घ्यायचं असेल तर पोलंडची ग्रोजिस्किए पाहा : ओकच्या धुरावर वाळवलेल्या गव्हाच्या माल्टची, चांगली धुरकट, आणि रंगाने फिकट पिवळी.

आता पिंप. बहुतेक वेळा ते बर्बनचं, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीचं, साधारण २०० लिटरचं असतं. अमेरिकेत बर्बनसाठी आतून जाळलेलं नवं ओकचंच पात्र लागतं, असा नियम आहे. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं बाजारात येतात आणि बिअरवाले ती उचलतात. जाळल्यामुळे आत कोळशाचा पातळ थर होतो, पण चव देतं ते त्याच्या मागचं शेकलेलं लाकूड : व्हॅनिला, सुकं खोबरं, किंचित साखरेचा पाक, शिवाय लाकडात मुरलेली व्हिस्की. बिअर त्यात सहा महिने ते वर्षभर राहिली की अल्कोहोलही टक्का-दीड टक्का चढतो. शेकोटीचा धूर मात्र यात जवळजवळ नसतो. अपवाद एकच. पिंपात आधी पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढून जाळतात त्या मातीच्या, धुराची स्कॉच असेल, तर धूर पिंपातूनही येतो. बाटलीच्या मागच्या बाजूला स्कॉटलंडच्या ‘आयला’ बेटाचं नाव दिसलं तर तसं समजा.

मराठीत यासाठी शब्द आयते आहेत, ते नेमके वापरले की अर्धं काम होतं. भाजलेल्या दाण्यांचा वास खमंग. बुडाला लागलेल्या दुधाचा करपट. बंबातल्या पाण्याचा धुरकट. पिंपाचा तो लाकडी, नव्या कपाटाचं दार उघडल्यासारखा. चांगल्या बाटलीत खमंग, धुरकट आणि लाकडी हे तिन्ही असतात. करपट असू नये. असलाच तर घोटाच्या अगदी शेवटी, क्षणभर.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र. ३३० मिलीची एकच बाटली, लेबलवर १० टक्के. कशी चाखावी? बर्फासारखी गार करावी का? ट्युलिप ग्लास घरात नाही.
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : चौघांना एक बाटली हे माप अगदी बरोबर आहे. वाट्याला ८० मिली येते आणि चाखायला तेवढी पुरे. ३३० मिलीत १० टक्के म्हणजे ३३ मिली शुद्ध अल्कोहोल, नेहमीच्या ६५० मिलीच्या ५ टक्क्यांच्या बाटलीत असतं जवळपास तितकंच. बाटली लहान दिसते म्हणून एकट्याने गट्ट करू नये. आणि चाखून झाल्यावर गाडीची किल्ली हातात घेऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे आणि ती वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते.

बर्फगार अजिबात नको. ४-५ अंशांवर धूर आणि व्हॅनिला दोन्ही झोपलेले असतात, वर येतो फक्त कडवटपणा. मग लोक म्हणतात, ‘कॉफीचा काढा आहे नुसता.’ सुरुवात ८ अंशांवर करा, खरी चव १२ ते १४ अंशांवर घ्या. फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवली तर मेच्या दुपारी दहा-बारा मिनिटं पुरतात. डिसेंबरात मालव्याची रात्र गारठलेली असताना अर्धा तासही कमी पडतो. स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर असेल तर अंदाजाची गरजच नाही. पहिला ग्लास ओतल्यावर त्यातच बुडवून पाहा, बाटलीत नको.

ट्युलिप नसेल तर ब्रँडीचा फुगीर ग्लास चालतो, वाइनचाही चालतो. अट दोनच : तोंड पोटापेक्षा निमुळतं हवं आणि काच पारदर्शक हवी. स्टीलचा पेला नको, त्यात वासही ठरत नाही आणि रंगही दिसत नाही. ग्लास साबणाने धुऊन खूप खळबळून घ्या आणि शेवटचं पाणी फिल्टरचं वापरा, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन काचेवर राहणार नाही. टॉवेलने पुसू नका, पालथा ठेवून निथळू द्या. टॉवेलचा वास काचेला चिकटतो आणि मग तुम्ही बिअरमध्ये फिनाइल शोधत बसता. ग्लास स्वच्छ आहे का हे पाहायचं तर आतून ओला करून उपडा धरा. पाणी सलग पदर धरून उतरलं तर स्वच्छ, थेंबाथेंबाने फुटलं तर तेलकट.

ओतताना ग्लास तिरका धरा, शेवटी सरळ करा. फेस कमी आला म्हणून घाबरू नका. एवढ्या अल्कोहोलच्या आणि पिंपात राहिलेल्या बिअरला फेस कमीच येतो आणि पाच मिनिटांत कडेला एक कंगोरा उरतो. मात्र झाकण उघडताच बिअर स्वतःहून उसळून बाहेर आली तर ते वेगळं लक्षण, त्याबद्दल पुढे.

आता क्रम. ओतल्याबरोबर, घोट न घेता, दोन छोटे हुंगे घ्या. लांब श्वास नको, कुत्रा हुंगतो तसे तुटक. धुराची पहिली नोंद याच वेळी करायची आणि कागदावर लिहायची, कारण धुराला नाक फार लवकर सरावतं. चार-पाच हुंग्यांनंतर धूर कमी झाल्यासारखा वाटतो. तो कमी झालेला नसतो, तुमचं नाक थकलेलं असतं. मग ग्लासवर बशी झाका, एक मिनिट थांबा, बशी सरकवून पुन्हा एकदा. आता धुराच्या मागे लपलेलं खोबरं आणि व्हॅनिला सापडतं.

पहिला घोट तोंड धुण्यापुरता, त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट दोन चमचे, म्हणजे साधारण १० मिली. तीन-चार सेकंद तोंडात फिरवा, गालांच्या आतून, हिरड्यांवरून. गिळा, आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. धुराची खरी ओळख इथे पटते, कारण घशामागून नाकात गेलेला वास समोरून घेतलेल्या वासापेक्षा वेगळा लागतो. नाकाला जो धूर लाकडी शेकोटीसारखा वाटला, तोच घशातून भरल्या वांग्यासारखा किंवा चुलीवरच्या भाकरीसारखा परत येऊ शकतो.

घोटानंतर काय राहतं ते वेगवेगळं मोजा. जिभेच्या मागे कडवटपणा राहिला तर तो भाजलेल्या माल्टचा आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा. हिरड्या कोरड्या झाल्या, कच्ची सुपारी चघळल्यासारखं वाटलं, तर तो ओकचा तुरटपणा. छातीत ऊब उतरली तर अल्कोहोल. आणि दोन मिनिटांनी जिभेने टाळूला स्पर्श केल्यावर जे परत येतं, तो बहुतेक धूर.

कागदावर तीन रकाने करा : खमंग, धुरकट, लाकडी. प्रत्येकाला पाचपैकी गुण, आणि हे तीनदा, ८ अंशांवर, १२ वर आणि बिअर १६ पर्यंत चढल्यावर. चौघांनी एकमेकांना न दाखवता लिहायचं. एक जण ‘हॅम’ (धुरावर मुरवलेलं डुकराचं मांस) म्हणाला की बाकीच्यांना दुसरं काही सुचत नाही. सगळ्यात मजेची पायरी शेवटची : ग्लास रिकामा झाल्यावर धुऊ नका. बशी झाकून दहा मिनिटं तसाच ठेवा आणि मग हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, काचेवर धूर आणि लाकूड एवढंच उरतं. पिताना पिंपाचा पत्ता लागला नाही, त्यांनाही इथे तो लागतो.

बांबर्गमध्ये ही बिअर दुसऱ्या-तिसऱ्या ग्लासानंतरच आवडू लागते असं म्हणतात. ते तिथल्या ५ टक्क्यांच्या बिअरबद्दल खरं आहे. १० टक्क्यांच्या बाटलीला तो नियम लावू नका.

प्रश्न : अशी बाटली वर्षातून एखादीच हाती लागते. नाक तयार करायचं तर रोज बिअर उघडणं परवडत नाही, घरात खपतही नाही. काही उपाय?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : उपाय आहे, त्याला बिअर लागतच नाही. सहा वाट्या मांडा.

पहिलीत इन्स्टंट नको, ताजी दळलेली कॉफी एक चमचा आणि १०० मिली गरम पाणी : हा खमंग. दुसरी धुरकट, ती जरा खटपटीची. पसरट भांड्यात २०० मिली पाणी घ्या, मध्ये छोट्या वाटीत पेटता कोळसा ठेवा, त्यावर आंब्याच्या लाकडाचा चिमूटभर भुसा टाका आणि ताट झाकून दोन मिनिटं ठेवा. हे खिडकीजवळ करा. डाळीला धुंगार देतो तसंच, फक्त तूप घालायचं नाही. तुपाचा धूर वेगळा आणि तेलकट असतो, तो बिअरमध्ये कधीच भेटत नाही. कोळसा काढा आणि पाणी हुंगा. तिसऱ्या वाटीत किसलेलं सुकं खोबरं आणि व्हॅनिला इसेन्सचा एक थेंब : पिंप. चौथीत काळ्या चहाची एक चमचा पूड दहा मिनिटं भिजवून गाळलेलं पाणी, हे चाखायचं, हुंगायचं नाही : तुरटपणा. पाचवीत १०० मिली पाण्यात अर्धा चमचा सोया सॉस आणि सहावीत पुठ्ठ्याचा तुकडा तासभर भिजवून ठेवलेलं पाणी. ही दोन दोषांची. सोया सॉस म्हणजे यीस्ट मरून सडल्याची किंवा बिअर फार म्हातारी झाल्याची खूण, पुठ्ठा म्हणजे हवा लागल्याची.

वाट्या झाका, घरातल्या कुणाला तरी त्यांची जागा बदलायला सांगा आणि डोळे मिटून ओळखा. आठवड्यातून दोनदा, महिनाभर. गंमत म्हणजे खमंग आणि धुरकट यांची गल्लत पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक जण करतो.

पीटचा धूर वेगळा ओळखायचा असेल तर बेंगळुरूच्या अमृतची ‘पीटेड’ व्हिस्की मिळते. साध्या स्टाउटच्या १०० मिलीत तिचे २ मिली, म्हणजे औषधाच्या सिरिंजने मोजून, घाला. बीच-ओकच्या लाकडी धुराऐवजी मातकट, थोडा आयोडिनसारखा धूर येईल. ५ मिली घातले तर बिअर हरवते.

प्रश्न : विजय नगरकडे एका ठिकाणी ‘स्मोक्ड स्टाउट’ घेतली. दवाखान्यासारखा वास आला. वाढणारा म्हणाला, ‘सर, यही तो स्मोक है.’ खरं होतं का?
– एक वाचक, स्कीम नं. ७८, इंदूर

उत्तर : बहुधा नव्हतं. बँडेज, जंतुनाशक, प्लास्टिकची पट्टी असा वास क्लोरोफिनॉलचा. पाण्यातला किंवा भांडी धुतलेल्या द्रावणातला क्लोरीन आणि बिअरमधले फिनॉल एकत्र आले की तो तयार होतो, आणि अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो. पीटचं माल्ट वापरलं असेल तर थोडा औषधी वास रास्त धरावा लागतो, म्हणून आधी विचारा : माल्ट कोणत्या लाकडाचं? बीच, ओक, चेरी असं उत्तर आलं आणि तरी दवाखाना येतोय, तर तो दोष. वाढणाऱ्याला उत्तरच देता आलं नाही, तर तिथलीच साधी बिअर १०० मिली मागवा. तिच्यातही तोच वास असेल तर गोष्ट पाण्याची आहे, धुराची नव्हे.

हॅम किंवा बेकनसारखा वास मात्र दोष नाही. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं सुटतात. धुरावर मुरवलेल्या मांसात तीच, धुरावर वाळवलेल्या माल्टमध्येही तीच. मेंदू ओळखीच्या वस्तूचं नाव घेतो इतकंच.

घोड्याचा तबेला, चामड्याचा पट्टा असा वास आला तर ब्रेटॅनोमायसिस नावाचं रानटी यीस्ट पिंपाच्या लाकडात घर करून होतं असं समजा. हा दोष फसवा आहे, कारण तेच यीस्ट लवंगेसारखा, किंचित धुरकट वासही सोडतं आणि लोक त्याला माल्टचा धूर समजून वाहवा करतात. फरक अंगात कळतो : हे यीस्ट उरलेली साखर खात राहतं, त्यामुळे बिअर पातळ लागते आणि वायू वाढतो. झाकण काढताच उसळणारी बाटली म्हणतो ती हीच, किंवा हिची बहीण. व्हिनेगरचा किंचित आंबूसपणा पिंपाच्या बिअरला कधी कधी शोभतो. पण नेलपॉलिशसारखं नाकात चढलं, तर ॲसिटिक जिवाणूंना हवा मिळालेली आहे, ती ओतून द्या. वितळलेल्या लोण्याचा वास म्हणजे डायअसेटिल : आंबवणं पुरं होण्याआधी घाई झाली किंवा जिवाणू शिरले.

आणि तक्रार करताना ‘चव बिघडलीय’ म्हणू नका. ‘पुठ्ठा लागतोय’, ‘लोणी येतंय’ असं म्हटलं की समोरचा भांडत नाही, टाकीकडे जाऊन स्वतः हुंगतो.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. मांसासारखा वास येतो म्हणजे त्यात काही घातलेलं असतं का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : मांस नसतं, वासाचं कारण वर दिलंच आहे. शाकाहारींनी चौकशी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. काही बिअर नितळ करायला आयसिंग्लास, म्हणजे माशाच्या आतल्या पिशवीपासून केलेला पदार्थ, वापरतात. काळ्या, पिंपातल्या बिअरला नितळपणाची फारशी पर्वा नसते, तरी ‘मिल्क स्टाउट’मध्ये दुधातली साखर असते हे वीगन असाल तर ध्यानात असू द्या.

प्रश्न : सोबत काय ठेवावं? इंदूरच्या घरात नमकीनशिवाय बैठक होत नाही.
– एक वाचक, स्नेह नगर, इंदूर

उत्तर : चाखताना आणि खाताना असे दोन भाग करा. चाखताना फक्त साधं परमल, म्हणजे चुरमुरे, बिनमिठाचं, आणि पाणी. बस. लौंग सेव तर त्या वेळी टेबलावरही नको. लवंगेतलं युजेनॉल हे ग्वायाकॉलच्याच घराण्यातलं. एक मूठ सेव खाल्ली की पुढची वीस मिनिटं बिअरमधला धूर कुठला आणि सेवेतला कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तिखटाचंही तसंच : अल्कोहोल आणि वायू दोन्ही मिरचीची आग वाढवतात आणि भाजलेला कडवटपणा त्यात आणखी टोचतो.

चाखणं संपलं की मग खुशाल. हिवाळ्यात गराडू उत्तम जोडी. तळलेल्या कंदाचा पिठूळपणा बिअरचा कडवटपणा शोषून घेतो. मात्र लिंबू पिळू नका, आंबट आणि भाजलेलं माल्ट एकत्र आलं की तोंडात धातू चाटल्यासारखं होतं. जीरावन मसालाही चिमटीने. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरवी मिरची जवळजवळ न घालता, वर कच्चं तेल, सोबत ज्वारीची भाकरी : धुरावर धूर चढवायचा तर तो असा. खारे भाजलेले शेंगदाणे कधीच चुकत नाहीत. गोडात मावाबाटी, पण अर्धीच. गोड पदार्थ बिअरपेक्षा जास्त गोड झाला की बिअर काढ्यासारखी लागते, आणि मावाबाटी कुठल्याही बिअरला हरवते. म्हणून आमची पसंती ७० टक्क्यांच्या काळ्या चॉकलेटच्या दोन तुकड्यांना. दाल-बाफले खाऊन झाल्यावर ही बाटली उघडू नका, दोघांवरही अन्याय होतो.

प्रश्न : साध्या स्टाउटच्या बाटलीत ओकचे तुकडे टाकून घरीच ‘पिंपातली’ करता येईल का?
– एक वाचक, महू

उत्तर : येत नाही. बाटली उघडली की वायू निघतो आणि हवा शिरते. तुकडे टाकताच उरलासुरला वायू त्यांच्या खरबरीत अंगावर फुटून फेसाचा डोंगर होतो. लाकूड नीट उतरायला आठवडे लागतात आणि उघड्या बिअरला पुठ्ठ्याचा वास लागायला दोन-तीन दिवस. शिवाय ५ टक्क्यांच्या हलक्या बिअरला ओकचा तुरटपणा पेलत नाही, पिंपात घालतात ती बिअर दाट आणि गोडसर असते ती त्यासाठीच. घरी बिअर आंबवण्याचं म्हणाल तर परवान्याशिवाय ते आबकारी कायद्यात बसत नाही.

फक्त लाकडाची चव ओळखायची असेल तर स्टाउटच्या १०० मिलीत बर्बनचे ३ मिली घालून प्या. पिंपाची नक्कल नव्हे, पण दिशा कळते.

प्रश्न : बाटली किती वर्षं ठेवता येते? आमच्याकडे तळघर नाही, कपाट आहे.
– एक वाचक, टिळक नगर, इंदूर

उत्तर : ९-१० टक्क्यांच्या वरची असेल तर दोन-तीन वर्षं सहज, पण इंदूरच्या कपाटात नव्हे. मेमध्ये बंद खोलीतलं कपाट ३५ अंशांवर जातं आणि तिथला एक उन्हाळा थंड जागेतल्या कित्येक वर्षांइतकी बिअर म्हातारी करतो. सोया सॉसचा वास बहुतेक तिथेच जन्मतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाज्यांच्या शेजारी, उभी ठेवा. आडवी नको, आडवीत हवेला लागणारं पृष्ठ वाढतं आणि गाळ कडेला बसतो. बूच असलेली बाटलीही उभीच.

ठेवल्याने काय होतं तेही समजून घ्या. धूर मवाळ होतो, कडवटपणा झिजतो, मनुका-खजुरासारखा गोडवा पुढे येतो. अलास्कातल्या जुनो गावची ‘अलास्कन स्मोक्ड पोर्टर’ १९८८ पासून निघते, आल्डरच्या धुरावरच्या माल्टची, आणि लोक तिच्या वेगवेगळ्या सालच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखतात. तुम्हाला धूरच आवडत असेल तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. दोन बाटल्या मिळाल्या तर एक आज, एक दोन वर्षांनी, आणि आजच्या गुणांचा कागद दुसऱ्या बाटलीच्या गळ्याला रबरबँडने बांधून ठेवा.

प्रश्न : माझा आतेभाऊ इंदूरला असतो. तो एक बाटली घेऊन येतो म्हणतोय.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आणू देऊ नका. गुजरातमध्ये १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, आणि ‘चाखण्यापुरती’ अशी सवलत त्यात नाही. परवाने असतात ते वेगळ्या कारणांसाठी, आणि भेट म्हणून आणलेली बाटली त्यांत बसत नाही. तुम्हीच दोन दिवस इंदूरला या. तोवर वर दिलेल्या सहा वाट्या वडोदऱ्यात बिनधास्त मांडा.

प्रश्न : अर्धी बाटली उरली तर?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, दुसऱ्या रात्रीपर्यंत. वायू उतरलेला असेल, तरी काही बाटल्यांत लाकूड दुसऱ्या दिवशी अधिक स्पष्ट लागतं. त्यानंतरची चॉकलेट केकच्या पिठात दुधाऐवजी घाला, १०० मिली पुरे. उकळून आटवू मात्र नका. पाणी उडतं, हॉप्सचा कडवटपणा तिथेच राहतो, आणि मग रस्सा असो की पाक, टाकूनच द्यावा लागतो.